पाचवं खोकं

आमचे हे टॅक्सी चालवत आणि माझा थोरला भाऊ टॅक्सीच्या पोटात बसणाऱ्या पिना भाजत असे. एकाच गाडीशी दोघांचा संबंध आला, हे माझं नशीब. त्या वर्षाची नुसती आठवण काढली तरी माझं डोकं तापतं. तापल्या डोक्याने लिहू नये म्हणतात, ते मला पटत नाही. थंड डोक्याची माणसं मी त्या वर्षी भरपूर पाहिली. एकाचाही आवाज कधी चढला नाही, आणि एकानेही कधी सरळ उत्तर दिलं नाही.

आम्ही तेव्हा घाटकोपरला राहत होतो. सासरची माणसं मालवणकडची. सासऱ्यांची हयात गिरणीत गेली, पण ह्यांना तिथल्या मागांचा आवाज सोसेना, म्हणून मोटार चालवायला शिकले आणि एका शेठच्या टॅक्सीवर लागले. माणूस बोलायला कमी, गाडी पुसायला फार. माझं माहेर मुलुंडचं. आईवडील गेल्यावर माहेर म्हणजे दादा आणि वहिनी. दादा आग्रा रोडवरच्या एका लहान कारखान्यात भट्टीवरचा मुख्य माणूस होता. कारखाना कसला, पत्र्याची शेड, दोनचार लेथ, एक भट्टी आणि मागच्या बाजूला मालकांनी दादाला राहायला दिलेली खोली. मोटारी जोडणाऱ्या एका मोठ्या कंपनीला हा कारखाना एकच वस्तू पुरवायचा, ती म्हणजे स्टिअरिंगची पिन.

ही पिन दादाने मला इतक्यांदा समजावली आहे की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. ड्रायव्हर हातातलं चाक फिरवतो तेव्हा पुढची चाकं वळतात ती एका दांड्यामुळे. त्या दांड्याला चाकाशी जोडणारी ही अंगठ्याएवढी, गोल डोक्याची पिन. ती आहे तोवर गाडी ऐकते. ती तुटली की ड्रायव्हरच्या हातात नुसती थाळी उरते. पिन आधी भट्टीत लाल करायची आणि तेलात बुडवायची. त्याने ती कडक होते, पण काचेसारखी कडक. म्हणून तिला पुन्हा मंद आचेवर बराच वेळ शेकायची, तेव्हा तिच्यात चिवटपणा येतो. ‘भाकरी तव्यावरनं काढली म्हणजे झाली का? निखाऱ्यावर फुगवल्याशिवाय कोण खाईल?’ असं दादा म्हणायचा. दुसरा शेक न मिळालेल्या पिनेला ते लोक कच्ची म्हणत.

खंडेनवमीला कारखान्यातल्या सगळ्यांच्या बायकापोरांना बोलावणं असे. मी दर वर्षी रांगोळी काढायला जायची, कारण वहिनीची रेघ सरळ येत नसे आणि हे ती स्वतःच हसत हसत सगळ्यांना सांगे. त्या दिवशी शेड ओळखू येत नसे. लेथना झेंडूचे हार, पाटावर कानशी, हातोडे, पकडी, सगळ्यांना हळदकुंकू. भट्टी आदल्या दिवशीच विझवून, थंड करून, चुन्याने पांढरी केलेली. पेटत्या भट्टीला कुंकू कोण लावणार? देवीच्या तसबिरीपुढे तयार पिनांची खोकी ओळीने मांडत. दसऱ्याच्या सकाळी तीच खोकी मुहूर्ताने लॉरीत चढून कंपनीकडे जात. वर्षाची भरभराट त्या मालावर. आणि एक नियम मालकांच्या वडिलांपासून चालत आलेला, की पूजेत मांडलेलं खोकं माघारी आत न्यायचं नाही. तो अपशकुन.

ज्या वर्षाचं मी सांगते आहे त्या वर्षी चारच खोकी तयार होती. मालक लांब उभे राहून मान वाकडी करून बघत होते.

“चार बरी नाही दिसत रे. पाच मांड.”

“पाचवं आहे, पण कच्चं आहे, मालक,” दादा म्हणाला. “काल भट्टी विझवली, त्यात राहिलं. दसरा झाला की शेकतो.”

“पूजेपुरतं मांड ना. देवीला काय कळतंय कच्चं नि पक्कं?”

सगळे हसले. दादाही हसला आणि त्याने खोकं ओढून ओळीत लावलं. मी त्याच्याभोवती रांगोळी घातली, वहिनीने त्यावर कुंकवाचं बोट ओढलं आणि आम्ही प्रसादाच्या केळ्यांकडे वळलो.

दिवाळीनंतर ह्यांच्या शेठने नवी कोरी गाडी घेतली. ह्यांना इतकं खूश मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. संक्रांतीला आम्ही ती घेऊन मुलुंडला गेलो. दादाने बॉनेटवर थाप मारली, वाकून पुढच्या चाकामागे डोकावला आणि म्हणाला, “जावईबापू, या गाडीत माझाही हात आहे हां. जपून चालवा.” वहिनीने गाडीला तिळगूळ दाखवला. हे सगळं सांगताना मला आत्ताही काहीतरी फेकून मारावंसं वाटतं, पण कुणाला, तेच कळत नाही. हाच तर सगळा घोळ आहे.

शिमग्याच्या सुमाराची दुपार. भांडुपच्या अलीकडच्या वळणावर ह्यांनी चाक फिरवलं आणि गाडी वळलीच नाही. सरळ जाऊन चिंचेवर आदळली. मागे बसलेल्या पेन्शनर गृहस्थांचा हात मोडला, ह्यांच्या कपाळाला खोक पडली. पोलीस आले, पंचनामा झाला, ‘भरधाव आणि निष्काळजीपणे’ असे शब्द त्यात पडले, आणि लायसन आणि बिल्ला दोन्ही जप्त झाले. दारूबंदीचे दिवस. त्यामुळे स्टँडवर कुणीतरी पुडी सोडून दिली, “शिमगा होता ना, मारली असेल थोडी.” ज्या माणसाने सासूबाईंच्या धाकाने तंबाखूसुद्धा सोडली, त्याच्याबद्दल! ज्यांच्याबरोबर इतकी वर्षं एका बाकावर बसून चहा प्यायले, ते लोक हे बोलत होते.

हे घरी बसले. लायसन नाही तर टॅक्सीवाल्याला कोण विचारतो? खटला उभा राहणार होता, त्यात दोषी ठरले असते तर बिल्ला कायमचाच गेला असता. दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही करायची इच्छाही नव्हती. आधीच कमी बोलणारा माणूस, तो आता अजिबात बोलेना. बसल्या बसल्या हाताने हवेत चाक फिरवून बघायचे. एकदा मला म्हणाले, “माजा काय चुकला गो? चाक मी फिरवलंय. फिरवलंय ना?” मला विचारतात! मी काय गाडीत बसले होते? मी ओरडले त्यांच्यावर. मग रडले. मग पदर खोचला आणि ठरवलं, की घोडं कुठे पेंड खातंय ते आपणच बघायचं.

आधी शेठकडे गेले. शेठ म्हणाले, “बेन, गाडी नवी होती. नव्या गाडीला काय होणार? ड्रायव्हरचीच चूक.” गॅरेजवाला म्हणाला, “पिन तुटलीय, पण ती आम्ही नाय बसवली. कंपनीतनं आलीय तशी आलीय. तिकडे जा.” तुटलेल्या पिनेचा तुकडा ह्यांनी अपघाताच्या जागीच उचलून खिशात टाकला होता, म्हणून बरं. नाहीतर तोही भंगारात गेला असता.

मग आम्ही दोघं कंपनीत गेलो. फाटकावर बराच वेळ उभं केल्यावर एक साहेब बाहेर आले. पांढरा शर्ट, गोड आवाज.

“आमच्याकडे प्रत्येक भाग तपासून घेतात, बाई.”

“मग हा कसा सुटला?”

“हा भाग आम्ही बनवत नाही. बाहेरून येतो. बनवणारा जबाबदार.”

“मग बनवणाऱ्याचं नाव कागदावर लिहून द्या. आम्ही कोर्टाला दाखवतो.”

“तसं देता येत नाही. भाग खराब होता असं आम्ही कुठे म्हटलंय? ड्रायव्हरने खड्ड्यात घातली असेल गाडी.”

“गाडीवर नाव कुणाचं आहे?” मी विचारलं.

“नाव गाडीचं आहे, बाई. पिनेचं नाही.”

ह्यांनी माझा दंड धरून मला फाटकाबाहेर नेलं, नाहीतर त्या दिवशी माझ्यावरही खटला झाला असता.

बनवणारा कोण हे मला साहेबांनी सांगायची गरज नव्हतीच. पण खरं सांगते, तोवर दादाच्या पिनेबद्दल माझ्या मनात शंकासुद्धा आली नव्हती. दादाच्या हातचं काही तुटू शकतं हेच मला ठाऊक नव्हतं. मला वाटत होतं की तो कारागीर माणूस आहे, तुकडा बघून काय झालं ते सांगेल आणि त्या गोडबोल्या साहेबाचं तोंड बंद करता येईल. मी तुकडा रुमालात बांधला आणि एकटीच मुलुंडला गेले.

दादा जेवायला बसला होता. मी तुकडा त्याच्या पाटाशेजारी ठेवला. त्याने तो उष्ट्या हातानेच उचलला, तुटलेली बाजू उजेडाकडे केली. आतून ती खडीसाखरेसारखी चमकत होती. दादाचा चेहरा बघता बघता उतरला. त्याने तुकडा खाली ठेवला आणि ताटावरून उठला. वहिनी म्हणाली, “अहो, भात राहिला.” त्याने ऐकलं नाही.

मला एकदम त्या खंडेनवमीची खोकी दिसली.

“दादा, पाचव्यातली आहे का रे ही?”

तो मोरीत हात धूत राहिला. मग पाठमोराच बोलला. दसऱ्याच्या सकाळी तो घरची पूजा आटपून शेडमध्ये गेला तोवर लॉरी गेली होती, पाचही खोकी घेऊन. ज्यांनी चढवली ते म्हणाले, पूजेतलं होतं, मग ठेवायचं कसं? दादा मालकांकडे धावला. मालक म्हणाले, सणाच्या दिवशी कंपनीला असलं कळवायचं? तिकडे चेकर बसलाय ना, कच्चं असेल तर तो परत पाठवील. आणि चेकरने काय केलं, तर पिनेवर कानस ओढून बघितली. पिन मऊ असली तर कानस तिला लागते, मग ती नापास. कच्ची पिन तर जास्तच कडक, कानस नुसती घसरली. सगळं खोकं पहिल्या नंबराने पास! मालकांनी पासाची चिठ्ठी दादाला दाखवली, बघ, देवीची कृपा.

“आणि तू गप्प बसलास?”

“पास झालं म्हणाले गं. मला वाटलं, बसल्या असतील थोड्या शेकून. भट्टी विझवली तरी रात्रभर ऊब असते, तिच्याजवळच होतं खोकं.”

“तुला खरंच तसं वाटलं?”

तो पुन्हा हात धुवायला लागला. वहिनी ताटातला भात झाकत होती. मी तुकडा पुन्हा रुमालात बांधला आणि निघाले. राग कुणाचा आला होता ते मला धड सांगता येणार नाही. मालकांनी खोकं मांडायला लावलं, पण पाठवलं नाही. हमालांनी पाठवलं, पण त्यांना कच्चं-पक्कं माहीत नव्हतं. चेकरने पास केलं, पण नियमाप्रमाणे. कंपनीने जोडलं, पण बनवलं नाही. आणि सगळ्या साखळीच्या शेवटी, ज्याने फक्त चाक फिरवलं, तो माझा नवरा आरोपी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. फरक एवढाच, की इथे चोरही कुणी नव्हता.

उन्हाळ्यात आणखी एक गंमत झाली. घाटकोपरच्या टॅक्सी स्टँडवर कंपनीची माणसं आली, अंगात निळे डगले, हातात पाने. त्या सालच्या नव्या गाड्या एकेक करून जॅकवर उचलायच्या, पिन काढायची, दुसरी बसवायची, जुनी पोत्यात. सगळं फुकट. स्टँडवरचे लोक खूश. मला शेजारणीने सांगितलं तेव्हा मी हातातलं पीठ तसंच ठेवून धावले.

“का बदलताय?” मी विचारलं.

“मोफत तपासणी आहे, बाई. कंपनीची सेवा.”

“तपासणीत एक तरी जुनी पिन परत बसवलीत का?”

तो पोरगेला माणूस गोंधळून मुकादमाकडे बघायला लागला. मुकादम म्हणाला, “ओ बाई, आम्हाला वरनं हुकूम आहे. सगळ्या बदला म्हणालेत, का ते नाय सांगितलं.”

म्हणजे ठाऊक होतं! वरच्यांना सगळं ठाऊक होतं. माल परत बोलावण्याइतकं ठाऊक होतं आणि तसं एका ओळीत लिहून देण्याइतकं नव्हतं. पुढे दादाने सांगितलं की पोती भरून पिना मुलुंडला परत आल्या, चिठ्ठी नाही चपाटी नाही. मालकांनी त्या गुपचूप भंगारात काढल्या आणि कंपनीला तेवढ्या नव्या करून दिल्या. दोघांनी एकमेकांना एक शब्द विचारला नाही. तेरी भी चूप, मेरी भी चूप. स्टँडवरच्या टॅक्सींतून पिना काढून नेत होते तेव्हा हे कोपऱ्यावर उभे राहून बघत होते. त्या दिवशी घरी आल्यावर म्हणाले, “बरा झाला. दुसऱ्या कोणाची नाय तुटाची आता.” हा असा माणूस. मला त्यांचाही राग आला.

मी मालकांकडे गेले. आता माणूस वाईट असता तर माझं काम सोपं होतं. मालक वाईट नव्हते. माझ्या वडिलांच्या तेराव्याला ते येऊन बसले होते, वहिनीच्या आजारपणात त्यांनीच डॉक्टर आणला होता. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला.

“पोरी, मला वाईट वाटतं गं. तुझ्या नवऱ्याला इथे पाठव. फाटकावर बसू दे, सावलीचं काम आहे.”

“त्यांना फाटक नको, मालक. त्यांना बिल्ला हवाय. तुम्ही कोर्टात एवढंच सांगा, की ते खोकं कच्चं होतं.”

“कसं सांगू? कंपनी उद्या माल घेणं बंद करील. एवढी माणसं आहेत माझ्यावर, तुझा भाऊ त्यातलाच.” मग तसबिरीकडे बघत, अगदी मनापासून म्हणाले, “आणि मला सांग, देवीसमोर मांडलेला माल खोटा निघेल का?”

‘देवीला काय कळतंय’ म्हणणारा माणूस हाच. मी चहा न पिता उठले. घरी येऊन ह्यांना फाटकाचं सांगितलं, तर म्हणाले, “माका नको तेंची भीक.” घरात इतक्या महिन्यांत त्यांनी आवाज चढवलेला तेवढाच.

खटल्याच्या तारखा पडत गेल्या. पावसाळा गेला, दिवाळी आली. वकील म्हणाला, आता पुढच्या तारखेला संपतंय. पिनेबद्दल बोलणारा कुणी जाणता माणूस असेल तर आणा, नाहीतर आशा सोडा. नुसता तुकडा काय, कुठल्याही गाडीचा असू शकतो.

भाऊबीजेला दादा दर वर्षीसारखा आला, वहिनीला घेऊन. पाट मांडला, रांगोळी काढली, तबक लावलं. तो टोपी घालून पाटावर बसला. मी समोर उभी राहिले आणि माझा हात उचलेना. ठरवून केलं नव्हतं, देवाशपथ नव्हतं. पण एकदा हात थांबला तसं तोंडातून निघून गेलं.

“दादा, मला साडी नको. काही नको. तारखेला येऊन खरं काय ते सांग. नाहीतर मी ओवाळणार नाही.”

“अगं, असं काय करतेस? सणाचं…”

“सणाचंच तर झालंय सगळं! सणासाठी पाच मांडली, सणासाठी गप्प बसलात, आता मी पण सणासाठी गप्प बसू? तो माणूस बघ आत. हवेत चाक फिरवतो रे तो!”

आतून ह्यांचा आवाज आला, “गो, पुरे कर. ओवाळ तेंका.” पण मी नाही ऐकलं. निरांजन तबकात जळत होतं. वहिनी माझ्याकडे बघत होती, दादा पाटाकडे. टोपी सारखी करत तो म्हणाला, “येतो.” मग मी ओवाळलं. त्याच्या कपाळाला लावलेलं कुंकू भुवईवर उतरलं.

आणि तो आला. धुतलेलं धोतर आणि काळा कोट घालून पिंजऱ्यात उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. भट्टी केव्हा विझवली, खोकं कसं राहिलं, कानस का घसरली. मॅजिस्ट्रेट भले गृहस्थ होते, त्यांनी तुकडा हातात घेऊन त्याच्याकडून पहिला शेक आणि दुसरा शेक नीट समजून घेतला. “हे खोकं कच्चं असल्याचं तुम्हाला ठाऊक होतं?” त्यांनी विचारलं. दादा म्हणाला, “होय. मला ठाऊक होतं.” मला ठाऊक होतं, असं म्हणाला. आम्हाला नाही म्हणाला. मालकांचं नाव त्याने घेतलंच नाही. मी बाकावरून अर्धी उठले होते, ह्यांनी खाली बसवलं.

हे निर्दोष सुटले. पेन्शनर गृहस्थांनी स्वतः येऊन ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. लायसन मिळालं, बिल्ला मिळाला. ह्यांनी तो चिंचेने घासून घासून असा चकचकीत केला की स्टँडवरचे लोक बघत राहिले.

त्यानंतर मात्र सगळ्यांना एकदम कंठ फुटला. इतके महिने ज्यांना काही ठाऊक नव्हतं त्यांना आता सगळं समजलं होतं. कंपनी म्हणाली, आम्ही म्हणतच होतो, पुरवठादाराचा दोष. मालक म्हणाले, भट्टी ज्याच्या ताब्यात त्याचा दोष. कंपनीने कळवलं, भट्टीवरचा माणूस बदला, तरच पुढचा माल घेऊ. मालक दादाला ते सांगताना रडले, खरंच रडले. डोळे पुसून त्यांनी खोली रिकामी करायला सांगितली. चूक कुणाची, हे वर्षभर कुणाला ठरवता येत नव्हतं. एक माणूस ‘माझी’ म्हणाला आणि सगळ्यांचा प्रश्न मिटला.

दादाला दहिसरला नाक्याच्या बाजूला एक खोली मिळाली आणि तिथेच एका लोहाराकडे काम. शेठने ह्यांना गाडी पुन्हा दिली होती. ह्यांनी आपणहून सांगितलं, सामान मी पोचवतो. तर अशी आमची वरात मुलुंडहून निघाली. टपावर पिंपं आणि वळकट्या बांधलेल्या, पुढे ह्यांच्या शेजारी दादा, मागे वहिनी आणि मी, मध्ये आणि मांडीवर भांडी. वहिनी कोर्टाच्या दिवसापासून माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होती. मी दोनदा काहीतरी विचारलं, तिने “हो” आणि “नाही” म्हटलं. पुढे दादा ह्यांना गाडीच्या आवाजाबद्दल काहीतरी सांगत होता, हे मान डोलवत होते. ते दोघं असे बोलत होते की जणू काही झालंच नव्हतं. मला वहिनीच्या गप्प बसण्यापेक्षा त्याचाच जास्त त्रास होत होता.

कांदिवली मागे पडल्यावर वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाली, “वन्सं, एक विचारू?”

“विचार ना.”

“तुम्ही कंपनीत गेलात, शेठकडे गेलात, मालकांकडे गेलात. कुणी दाद दिली?”

“नाही.”

“मालकांनी कबूल करावं म्हणून त्यांच्या दारात उपाशी बसलात? कंपनीच्या साहेबाला शपथ घातलीत?”

“त्यांना कसली शपथ घालणार, वहिनी? ते माझे कोण?”

“तेच म्हणते मी,” वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते. “तुमचा जोर चालला तो फक्त माझ्या नवऱ्यावर. खरं ना?”

पुढे ह्यांनी वळणावर चाक फिरवलं आणि गाडी वळली. मी म्हटलं, “खरं.”